पाणगवत आणि बेडूक : एक तुलना

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, व्यसन आणि वधूवर परिचय या विषयांवर भाषणे होतात. ती आवश्यकच आहेत. यंदा कार्यकारी मंडळाने मला विषय विचारला तेव्हा मी ‘पाणगवत आणि बेडूक’ असे लिहून पाठविले. चिटणिसांनी दूरध्वनी करून, मास्तर, आपण थट्टा तर करीत नाही ना, अशी खात्री करून घेतली. मी थट्टा करीत नव्हतो. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या तलावाच्या पाळीवर वाढल्या, त्या समाजाने पाण्यातल्या दोन जिवांची तासभर विचारपूस केली तर त्यात गैर ते काय? शिवाय या विषयात मला माझी स्वतःची एक चूक आपणापुढे मांडावयाची आहे. ती पुढे येईलच.

विषय सुचला तो माझ्या नातीमुळे. ती नागपूरला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत येताना तिने शाळेतून एक प्रश्न आणला होता : ‘समुद्रगवत व बेडूक यांची वर्गीकरण, अधिवास व संरक्षण स्थिती या तीन मुद्द्यांवर तुलना करा.’ मी जुना मॅट्रिक. चौथीच्या वर्गाला ‘परिसर अभ्यास’ शिकविण्यात माझी नोकरी गेली. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, समुद्रगवत एकदाही नाही. बेडूक मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा. तेव्हा नातीला मी म्हणालो, बाई, बेडूक माझ्याकडे, समुद्रगवत तू शोध. तिने शोधले, मी वाचले, आणि वाचता वाचता मला असे कळले की हे समुद्रगवत आपल्या तलावातल्या गवताचे सख्खे भाऊबंद आहे.

‘वर्गीकरण’ हा शब्द ऐकला की आपल्या घरात प्रथम जातीचा दाखला आणि तहसील कचेरीची खिडकी आठवते. शास्त्रज्ञांचे वर्गीकरण निराळे. त्यात कोणाला सवलत मिळत नाही, फक्त कोण कोणाच्या घराण्यातला एवढे ठरते. आपण पाण्यात जे जे हिरवे दिसेल त्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण खरे शेवाळ निराळे. त्याला मूळ नाही, फूल नाही, बी नाही. समुद्रगवताला मुळे आहेत, फुले आहेत, फळ धरते, बी पडते. ते सपुष्प वनस्पतींपैकी आहे आणि धानासारखेच एकदल आहे. मात्र नावात गवत असले तरी ते धानाच्या, बांबूच्या कुळातले नव्हे. जगात समुद्रगवताच्या सुमारे 72 जाती मोजल्या आहेत. त्यांपैकी हॅलोफिला नावाच्या गटाचे कूळ हायड्रोकॅरिटेसी, आणि याच कुळात आपल्या माजी मालगुजारी तलावांत वाढणारी हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया ही दोन पाणगवते येतात.

नावे जड आहेत, पण वस्तू आपल्या रोजच्या आहेत. जाळ्यात गुंतून येणारी, बारीक पानांच्या वलयांची लांब दोरी ती हायड्रिला. तळाच्या चिखलातून रिबिनीसारखी लांबलचक पट्टेदार पाने वर सोडणारी ती व्हॅलिस्नेरिया. गावोगाव यांची नावे बदलतात, एका गावचे नाव शेजारच्या गावात दुसऱ्याच गवताला लावलेले मी ऐकले आहे. म्हणून शास्त्रीय नावाचा खटाटोप. व्हॅलिस्नेरिया हे नाव इटलीतील पादुआच्या विद्यापीठातील अंतोनियो व्हॅलिस्नेरी नावाच्या वैद्य-पंडितावरून पडले.

बेडकाचा दाखला सोपा आहे. प्राणी, पाठीचा कणा असलेला, वर्ग उभयचर, गण बिनशेपट्यांचा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पिवळाजर्द होऊन, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळे फुगे फुगवून जो रात्रभर डराव डराव करतो, त्याचे शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत ‘राना टायग्रिना’ असे होते. महाविद्यालयात ज्यांनी शास्त्र शाखा घेतली त्यांनी मेणाच्या थाळीत टाचण्या टोचून याचेच पोट फाडले. आता त्याचे नाव ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ झाले आहे. नाव बदलले, पण त्यातला वाघ कायम राहिला. आपल्या जिल्ह्यात ताडोबाचा वाघ पाहावयास लांबलांबून लोक येतात, उघड्या गाडीत बसून पहाटेच्या थंडीत कुडकुडतात. हा दुसरा वाघ आपल्या बांधीत बसलेला असतो, त्याला तिकीट नाही. कीटक, खेकडे, लहान उंदीर, प्रसंगी दुसरे बेडूकही तो गिळतो. आपल्या देशातील सर्वांत मोठ्या बेडकांत त्याची गणना होते.

आता अधिवास. येथे मला या दोघांच्या घराण्याची एक मौज वाटते. प्राचीन काळी सर्व जीवन पाण्यातच होते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेथे त्यांना फुले आली, आणि त्यानंतर त्यांतल्या काही पुन्हा पाण्यात परतल्या. पाणगवत हे असे परत आलेले घराणे आहे. काही गोड्या पाण्यात थांबले, काही थेट खाऱ्या समुद्रात गेले. बेडकाचे पूर्वजही पाण्यातूनच वर आले, पण त्यांचा पाण्याशी संबंध तुटला नाही. तो जमिनीवर राहतो, फुप्फुसाने आणि ओल्या कातडीनेही श्वास घेतो, उन्हाळ्यात मातीत गाडून घेऊन पडतो, परंतु अंडी घालण्यास त्याला पाण्यातच जावे लागते. बाळंतपणाला माहेरी जाणारी लेक असावी तसा हा प्रकार आहे. पाणगवत मात्र माहेरी कायमचेच येऊन राहिले.

कायमचे राहिले तरी जमिनीवरचा एक संस्कार ते विसरले नाही. आपल्या तलावातल्या व्हॅलिस्नेरियाला फूल पाण्याखाली उमलवता येत नाही. व्हॅलिस्नेरियात नर रोप वेगळे, मादी रोप वेगळे. मादी फूल लांब देठावर तळापासून वर येते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेकते. नर फुले अगदी बारीक. ती पाण्याखालीच देठापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, उमलतात आणि होडीसारखी वाऱ्यावर तरंगत सुटतात. मादी फुलाभोवती पाण्याच्या सायीला किंचित खळगी पडलेली असते, त्या खळगीत ही होडी घसरते आणि काम होते. मग मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घालतो आणि फळाला खाली ओढून नेतो. आपण जन्मभर डोंग्यात बसून त्यांवरून गेलो आणि पाण्यावरची ती पांढरी कणी म्हणजे धूळ समजलो. मी तर चाळीस वर्षे समजत होतो.

समुद्रातील हॅलोफिला बेकारी ही जात आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या चिखलात, खारफुटीच्या कडेला उगवते. पान अगदी लहान. ओहोटीला उघडी पडते, भरतीला बुडते. दक्षिणेकडे, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाल्कच्या उपसागरात समुद्रगवताची मोठी कुरणे आहेत व त्यांवर समुद्रगाय चरते. तिच्यासाठी 2022 साली तामिळनाडू सरकारने 448 चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. गवत राखल्याशिवाय गाय राहत नाही हे गुराख्याला सांगावे लागत नाही. मासेमारांना मात्र ते सांगावे लागले, निदान मला तरी लागले. त्याची हकीकत आता सांगतो.

आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. घोडाझरी, असोलामेंढा यांसारखे विस्तीर्ण जलाशय वेगळे, हे गावचे तलाव आणि बोड्या वेगळ्या. मालगुजारी 1951 साली गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळीची निगा ओसरली, आणि मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने आली. आमच्या गावच्या संस्थेत मी कामकाज पाहत असे, कारण लिहिता-वाचता येणारा मीच. 2009 साली सभासदांनी तक्रार केली की गवत फार माजले, जाळे ओढता येत नाही, रोहू-कटला हाती येत नाही. मी एका छापील पुस्तिकेत गवत्या माशाविषयी वाचले होते. हा मासा मूळचा आपला नव्हे. 1959 साली तो आपल्या देशात हाँगकाँगहून आणण्यात आला. पाण्याखालचे मऊ गवत हेच त्याचे अन्न आणि हायड्रिला त्याची विशेष आवडती. मी सभेत उभा राहून सांगितले, दोन कामे एका खर्चात होतील, गवतही जाईल आणि मासाही मिळेल. एका वयोवृद्ध काकाने विचारले, “मास्तर, सगळंच खाल्लं तर?” सभा हसली. मीही हसलो.

त्याने सगळेच खाल्ले.

पहिल्या वर्षी जाळे छान ओढले गेले, मासा बरा निघाला, माझे कौतुक झाले. तिसऱ्या वर्षी पाणी गढूळ झाले ते उन्हाळा-हिवाळा गढूळच राहिले. कारण पुढे समजले. गवताची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात व पाने लाटेचा जोर मोडतात. ते गेल्यावर वाऱ्याने गाळ उठतो, गढूळ पाण्यात ऊन तळाशी पोहोचत नाही, आणि ऊन नाही म्हणून गवत पुन्हा उगवत नाही. एकदा बिघडलेला तलाव असा बिघडूनच राहतो. मरळ गवताच्या आडोशाला पिले वाढवते, ती दिसेनाशी झाली. हिवाळ्यात येणारी बदके शेजारच्या गावी उतरू लागली. पाण्यावरून टप्पे खात पळणारे ते चिमुकले बेडूक, ज्यांना गवताच्या गाद्यांवर बसलेले पाहून पोरे खडे मारीत, तेही गेले. उथळ काठावर गवताची जागा बेशरमीने घेतली. तिला कोणी खात नाही, गुरेसुद्धा नाही.

वाघ-बेडूक मात्र ओरडत राहिला. याचे मला त्या वेळी नवल वाटले. आता वाटत नाही. त्याचा प्रपंच खोल पाण्यावर चालत नाही. पहिल्या पावसाचे साचलेले उथळ पाणी, भरलेली बांधी, पऱ्ह्यांच्या कडेचा खड्डा हे त्याचे बाळंतिणीचे घर. तेथे मोठे मासे पोहोचत नाहीत. म्हणून तलाव मेला तरी तो जगला. पण त्याच्या घरावर दुसरे संकट आहे. रोवणीनंतर बांधीत पडणारी औषधे नेमकी त्याची पिले पाण्यात असताना पडतात. मृगात एक मोठा पाऊस येऊन पुढे पंधरा-वीस दिवस ताण पडला, तर अंडी-पिले वाळून जातात. पावसासाठी मुसळाला बेडूक बांधून, अंगावर कडुनिंबाचा पाला बांधून घरोघर धोंडी मागण्याची चाल आपल्याकडे होती. बायका वरून पाणी ओतीत, सुपातून धान्य घालीत. बेडकाला त्यात हाल सोसावे लागत हे खरे, पण पावसाचा पहिला हकदार कोण हे जुन्या माणसांना ठाऊक होते.

तिसरा मुद्दा संरक्षण स्थितीचा. नातीच्या तक्त्यात हा रकाना सर्वांत लहान होता, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ही संस्था 1948 साली स्थापन झाली. ती जगातील जिवांची ‘लाल यादी’ ठेवते. त्या यादीत खाडीतील हॅलोफिला बेकारी ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस, हायड्रिला आणि आपला वाघ-बेडूक हे तिन्ही ‘अल्प चिंता’ या वर्गात आहेत. उभयचरांची एकूण स्थिती मात्र बरी नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठ हजारांवर जाती तपासल्या, त्यांत शंभरांत सुमारे एक्केचाळीस जाती धोक्यात निघाल्या.

अल्प चिंता वाचून आपण निश्चिंत व्हावे काय? त्या यादीत सबंध जगाचा हिशेब असतो. आपल्या गावच्या तलावाचा हिशेब तीत नाही. हायड्रिला जगात इतकी आहे की अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात, मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून 1950 च्या सुमारास जाऊन पोहोचली आणि तेथील कालवे-तलाव तिने कोंडून टाकले. तिला काढण्यासाठी तेथील सरकार लक्षावधी डॉलर खर्च करते. आपल्या वाघ-बेडकाचेही तेच. अंदमान बेटांवर तो मूळचा नव्हता. माणसांबरोबर पोहोचला आणि आता तेथील लहान बेडकांची पिले त्याची पिले खाऊन टाकतात. मादागास्कर बेटावरही तो असाच परका म्हणून वाढला आहे. म्हणजे परगावी जो उपद्रवी, तोच आपल्या गावी पोशिंदा, आणि जगात जो मुबलक, तो आपल्या तलावात नाहीसा. गवत्या माशाविषयी मी पुस्तिका वाचली तेव्हा हा विवेक माझ्यापाशी नव्हता. तो मासा त्याच्या देशात काय करतो हे छापले होते, आमच्या तलावात काय करील हे छापले नव्हते, आणि ज्याने विचारले त्याला आम्ही हसलो.

बेडकाची चिंता आपल्या देशाने एकदा केली, तीही उशिरा. विलायतेत बेडकाचे पाय खातात. त्यासाठी आपल्या देशातून बेडकांच्या गोठविलेल्या तंगड्या बोटीने जात. 1981 साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली होती. नुसत्या तंगड्यांचे हे वजन आहे, तेव्हा बेडूक किती मारले गेले असतील याचा हिशेब मुलांनी घरी करावा. 1985 साली या जातीचा समावेश वन्य जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आणि 1987 साली आपल्या सरकारने निर्यातच बंद केली. बेडूक कमी झाले तसे किडे वाढले, औषधांचा खर्च वाढला, असा त्या वेळी शेतकी जाणकारांचा आक्षेप होता. पाणगवतासाठी असा आक्षेप कोणी घेतला नाही, कारण त्याची निर्यात होत नाही आणि ते ओरडतही नाही.

चंद्रपूर शहरातील गोंड राजांच्या काळचा रामाळा तलाव आपण सर्वांनी पाहिला आहे. शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तो भरला, तेव्हा 2021 साली इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी त्यासाठी उपोषण केले. जलपर्णी ही परदेशी वनस्पती. ती वरून झाकण घालते, त्याखाली ऊन पोहोचत नाही. पाणगवत तळाशी राहून पाणी निवळ ठेवते. दोन्ही हिरवीच, पण एक काढावयाची आणि एक लावावयाची. यंत्र लावून तलाव ‘साफ’ करताना हा भेद कोणी पाहत नाही. गाळ काढण्यास माझा विरोध नाही. तळ खरवडून मुळासकट सर्व उचलून पाळीवर टाकण्यास आहे.

गोंदिया जिल्ह्यात आपल्या समाजबांधवांनी आणि विशेषतः भगिनींनी एक निराळा मार्ग काढला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे श्री. मनीष राजनकर यांच्या सोबतीने अर्जुनी मोरगाव भागात त्यांनी तलावांतून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाणी येताच हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारखी देशी पाणगवते हाताने लावली. धानाची रोवणी करतात तशीच ही रोवणी. कोणते गवत किती खोलीवर लावावे, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, आपल्याच म्हाताऱ्या माणसांचे होते.

हे पाहून 2022 पासून आम्हीही आरंभ केला आहे. संस्थेने गवत्या मासा सोडणे थांबविले. तो तलावाच्या साचलेल्या पाण्यात वाढ करीत नाही, एवढे आमचे नशीब, म्हणून जुने मासे पकडून संपविता आले. पाळीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, जेथे वाऱ्याचा जोर कमी, तेथे बांबूचे कूड घालून गवत लावले. पहिल्या वर्षीचे सगळे कुजले. दुसऱ्या वर्षी दोन खाटांएवढ्या जागेत पट्टेदार पाने वर आली. गेल्या भाद्रपदात त्या जागेवर मी टप्पे खाणारा बेडूक पाहिला. एकच होता. ते काका आता हयात नाहीत, नाही तर त्यांना बोलावून दाखविले असते.

आता विनंती. आम्हांला लावण्यासाठी गवत कमी पडते. हायड्रिला मिळते, पण पट्टेदार पानांची व्हॅलिस्नेरिया आमच्या टापूत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आपणांपैकी ज्यांच्या गावच्या बोडीत तळापासून रिबिनीसारखी पाने वर येतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस पाण्यावर पांढरी कणी तरंगते, त्यांनी संमेलनाच्या कचेरीत गावाचे नाव लिहून द्यावे. सगळे उपटू नये, मुळांसह चार टोपल्या पुरे. मी पोते आणि मुलगा, दोन्ही घेऊन स्वतः येईन.